एकास चोवीसचा ड्रायव्हर

माझ्याकडे बऱ्याच गाड्या आहेत. दोन दारांच्या, चार दारांच्या, उघड्या टपाच्या. एक तर अशी की बॉनेट उचललं तर आतलं इंजिन, त्याच्या नळ्या, बॅटरीच्या वायरीसुद्धा दिसतात. या सगळ्या गाड्या वरोऱ्यातल्या आमच्या घरी काचेच्या कपाटात उभ्या असतात, कारण त्यांतली सगळ्यात मोठी माझ्या तळहातावर मावते. एकास चोवीस, म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. याला छंद म्हणतात असं मी लोकांना सांगतो. माणूस रिकामा आहे असं लोक एकमेकांना सांगतात.

या छंदासाठी वरोऱ्याइतकं नालायक गाव शोधून सापडायचं नाही. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. चकचकीत लाल रंग मारून गाडी वाळायला ठेवावी, तर चहा पिऊन येईस्तोवर तिच्यावर काळी पूड बसलेली. खिडक्या बंद केल्या तर उकाड्याने मी वितळतो, कूलर लावला तर त्याच्या दमट हवेने रंगावर पांढरी साय धरते. एकदा मे महिन्यात खिडकीत ठेवलेल्या गाडीचा टप उन्हाने असा खाली बसला की जणू तिच्यावर म्हैस बसून गेली असावी. शेवटी हार मानून मी धूळ बसलेल्या गाड्यांना 'जुन्या, वापरातल्या' म्हणू लागलो. हौशी लोकांच्या ग्रुपवर फोटो टाकला की पुण्याचे सभासद विचारायचे, ही धूळ इतकी खरी कशी जमवली? मी लिहायचो, सरावाने जमतं.

नव्या किटपेक्षा मला दुसऱ्याने बिघडवलेल्या जुन्या गाड्या दुरुस्त करायला जास्त आवडतं. कोणीतरी घाईत चिकटवून, ढोबळ रंग फासून अडगळीत टाकलेली गाडी मागवायची, ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायची आणि जुना रंग सुटला की जुन्या टूथब्रशने घासून काढायची. माझं पहिलं ब्रेक ऑइल बायकोच्या लोणच्याच्या बरणीत होतं. त्या दिवशी ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तिचं चूक नव्हतं.

एवढ्या गाड्या जुळवल्यावर गावात माझी ख्याती झाली. शेजारी येऊन विचारायचे, "भाऊ, गाडी दुसऱ्या गिअरले झटके काऊन देऊन राह्यली?" मी क्लचप्लेटवर व्याख्यान द्यायचो. ते मान डोलवायचे आणि गाडी घेऊन मेकॅनिककडे जायचे. मला गाडी चालवता येत नाही, हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

येत नाही असं अगदीच नाही. लायसन्स आहे. ते मिळालं त्याच हंगामात मावसभावाची गाडी घेऊन मी बाजार समितीच्या रस्त्याला लागलो आणि समोर उभ्या असलेल्या कापसाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, थेट शिरलो. कोणाला खरचटलंही नाही. कापसात घुसलेल्या माणसाला काय होणार? पण काचेपुढे एकाएकी सगळं पांढरं झालं आणि मला वाटलं, मेलो. मी डोळे मिटून बसून राहिलो. दार उघडून मला बाहेर काढलं ते त्या बंडीवाल्याने, आणि पाणीही त्यानेच पाजलं. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला तो चिमट्यात धरून, गोंद वाळेपर्यंत.

हे सगळं असंच चाललं असतं, पण सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. चिमूर रस्त्यावरच्या एका खेड्यात त्या एकट्या राहतात आणि माझी बायको त्यांची एकुलती एक मुलगी. हाड जुळलं, त्या वॉकर धरून चालू लागल्या, पण एसटीच्या पायऱ्या चढणं संपलं आणि मोटारसायकलचा तर प्रश्नच नव्हता. पाऊस लागला की त्यांच्या गावचा नाला रस्त्यावरून वाहतो. त्याआधी माय आपल्या घरी यायला पाहिजे, कायमची, हे एकच बायकोच्या डोक्यात होतं. फोन वाजला की तिचा चेहरा उतरायचा.

मी म्हटलं, भाड्याची गाडी करू. सासूबाईंनी फोनवरच उडवून लावलं. "भाड्याच्या गाडीत मी येत नाई बाप्पा! जावयाकडं एवढ्या गाड्या, अन् मी भाड्यानं जाऊ? सारं गाव हासंन."

माझ्या गाड्या केवढ्या आहेत ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण जावयाकडे कपाट भरून गाड्या आहेत, यातलं कपाट गाळून त्यांनी ते गावभर सांगितलं होतं, आणि आता माघार घ्यायला त्या तयार नव्हत्या.

म्हणून आम्ही एका डॉक्टरांची जुनी, छोटी गाडी घेतली. त्यांच्या कंपाउंडरने ती आणून अंगणात लावली. बायकोने ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. म्हणाली, "आता मायले घेऊन या." मी गाडीभोवती फिरलो. उजव्या दाराचा रंग उडालेला, डॅशबोर्ड पिवळा पडलेला. म्हटलं, "अशी नेऊ? आधी थोडी नीट करून घेतो."

आमच्या छंदाचा एक नियम आहे. आतलं काम पुरं झाल्याशिवाय बाहेरचा सांगाडा मिटायचा नाही, कारण नंतर आत ब्रश जात नाही. खऱ्या गाडीला दारं असतात आणि त्यातून आख्खा माणूस आत जातो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी सीटा काढल्या. दारांची आतली पॅनेलं काढली. पायाखालचं कार्पेट काढलं. हेडलाइटच्या काचा टूथपेस्टने घासल्या, एसीच्या जाळीतली धूळ कान साफ करायच्या काड्यांनी टिपली, सारी गाडी घासून तिला करडा प्रायमर मारला. स्क्रू हरवू नयेत म्हणून मसाल्याच्या डब्याच्या वाट्यांत ठेवले. एका दुपारी फोडणीत मोहरीबरोबर एक स्क्रू पडला आणि तडतडला नाही, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं.

"हे गाडी कधी चालंन?" तिने विचारलं.

"रंगाचा अजून एक हात..."

"रंग कोणाले पायजे जी? तिथी माय एकटी पडून हाये."

मी सँडपेपर ओला करत बसलो. दुसरं काय करणार होतो? गाडी पुरी झाली असती तर ती चालवावी लागली असती. मला भीती वाटत होती आणि ती मी रंगाखाली लपवत होतो. बायकोला ते स्वच्छ दिसत होतं. ती रोज सकाळी फिरायला जाऊ लागली.

एका सकाळी मी पानठेल्यावर उभा होतो. समोरून ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आली, टपावर पाटी, वेग बैलाचा. पानठेलेवाला सुपारी कातरता कातरता थांबला. "भाऊ, वहिनी चालवून राह्यल्या ना!" मी पाहिलं. बायको दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, दात आवळून, सरळ पुढे बघत गेली. मी हात वर केला, तो तिने पाहिला नाही. समोर कापसाची बंडी नाही ना, एवढंच मी आधी बघितलं.

लायसन्स हातात आलं त्या संध्याकाळी तिने मसाल्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "सीटा बसवा. उद्या मायले आणाले जाऊन राह्यलो आपण."

सीटा बसल्या. पॅनेलं आणि कार्पेट राहिलं. दुसऱ्या दिवशी रंग न मारलेल्या, राखेसारख्या करड्या गाडीत मी बायकोच्या डाव्या हाताला बसलो. ट्रक समोर आला की माझा पाय नसलेल्या ब्रेकवर पडायचा. "पाय आपटू नका," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "खाली नुसता पत्रा हाये." चढावर एकदा गाडी बंद पडली. मी क्लचप्लेटबद्दल काही सांगणार होतो, तिने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर बघू लागलो.

सासूबाई ओसरीवर तयारच होत्या. ठेवणीतलं लुगडं, बाजूला बोचकं, तांदळाची चुंगडी. अर्धी आळी जमली होती. शेजारची म्हातारी गाडीला हात लावून म्हणाली, "जावयाची का वो?"

सासूबाईंनी करड्या गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग चाबी हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. "जावयाच्या गाड्या घरी हायेत," त्या म्हणाल्या. "हे माह्या पोरीची हाये."

मी मागचं दार उघडून धरलं. त्या हलल्या नाहीत.

"मले पुढं बसू द्या जावईबापू," त्या म्हणाल्या. "बंडीत मागं बसली, ट्रॅक्टरात मागं, जीपमधी मागं. दवाखान्यात नेलं तेबी मागं झोपवून. पुढून रस्ता कसा दिसते, मी पायलाच नाई."

त्यांना पुढे बसवताना गाडी त्यांच्या बाजूला हळूच खाली बसली. इतकी वर्षं मी गाड्या जुळवल्या, पण गाडीत माणूस बसलं की ती अशी खाली बसते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी मागे शिरलो. चुंगडी मांडीवर घेतली, वॉकरचा एक पाय बरगडीत घेतला.

बायकोने मायचा पट्टा लावला आणि गिअर टाकला. नाला आला, शेतं आली, तिठा आला. सासूबाई प्रत्येक गोष्ट बोट करून मुलीला दाखवत होत्या, जशी काही ती पहिल्यांदाच या रस्त्याने येत होती, आणि मुलगी "हो माय, हो माय" म्हणत होती. वरोरा येईपर्यंत दोघींपैकी एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.