बापलेकीची दोन बंदरं

बंदरात त्यांना सगळे सोयरेकाका म्हणत. जहाज कंपन्यांची आपल्या बंदराशी सोयरीक जुळवायची, हेच त्यांचं काम. कंपनीचा माणूस आला की काका त्याला धक्क्यावर हिंडवत, चहा पाजत आणि बंदराचं कौतुक असं रंगवून सांगत, की पाहुण्याला नाही म्हणायला जागाच उरू नये.

पुढे लेक खाडीपलीकडच्या नव्या बंदरात लागली, तीही अगदी ह्याच कामाला. रविवारी ती घरी आली की आई आधीच बजावायची, "जेवताना जहाजं काढायची नाहीत."

पण व्हायचं ते झालंच. काकांनी जोडलेली सगळ्यात जुनी, मोठी कंपनी लेकीच्या बंदराकडे गेली. काकांनी लेकीशी अबोलाच धरला. शेवटी न राहवून ते कंपनीच्या अधिकाऱ्याला भेटले आणि आपलं काय चुकलं ते विचारलं. त्याने आडपडदा ठेवला नाही. जहाजं बाहेर समुद्रात ताटकळतात, आणि तक्रार केली की तुम्ही चहा मागवता, एवढंच तो म्हणाला.

काकांना ते फार झोंबलं. त्या रविवारी लेकीसमोर बसून म्हणाले, "मी जन्मभर बोलतच राहिलो गं. कुणाचं ऐकलंच नाही."

लेकीला गलबलून आलं. "आमच्याकडे तरी कुठे सगळ्यांचं ऐकतात, बाबा? मोठ्या जहाजांना मान, छोटी बिचारी मागे." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण ही गोष्ट किनाऱ्यावर कुणाला ठाऊक नव्हती?

काका कामाला लागले. फळं, लाकूड वाहणाऱ्या छोट्या जहाजांच्या मालकांकडे गेले आणि या खेपेला गप्प बसून ऐकत राहिले. मग क्रेनवाल्यांना, ट्रकवाल्यांना हाताशी धरून ओस पडलेला जुना धक्का फक्त छोट्या जहाजांसाठी राखून घेतला. वरचे साहेब हसले, हत्ती गेला आणि काका उंदीर धरतायत म्हणाले. काकांनी मनावर घेतलं नाही.

मोठी कंपनी काही परत आली नाही. छोटी जहाजं मात्र एकेक करत येऊ लागली, आणि रिकामे बसलेले क्रेनवाले पुन्हा घामाघूम दिसू लागले.

एके दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, आमची फळांची जहाजं तुम्ही पळवलीत. साहेब विचारत होते, हे गृहस्थ कोण?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, ओळखीचे आहेत."

काका हसले. मग हळूच विचारलं, "तुला फार बोलले का गं?"