मागं चालायला कलम न्हाई

ठाण्यासमोर लिंबाखाली टाइपरायटर मांडून बसलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही, लोक आपल्या पायांनी घेऊन येतात. मी तिथं वीस वर्षं अर्जनवीस म्हणून बसलो. शेजारच्या टेबलावर शेखचाचा, निजामाच्या काळापासून अर्ज लिहिणारे. हसवणारे किस्से लय हायेत हो. पण विषय निघाला की मला सुमनचेच आठवतात. ऐकताना हसू आलं तर हसा. तेव्हा आम्हीही हसलोच होतो.

•

सुमन पोखर्णीकडच्या एका खेड्यातली, मेंढरं राखणाऱ्या म्हादूची पोर. रोज एस.टी.नं तालुक्याला येऊन शिवणक्लासात शिकवायची. घरात पहिली पगारदार तीच. गावातला बालाजी रोज तिच्याच गाडीत चढायचा, तिच्यासोबत उतरायचा, क्लाससमोर संध्याकाळपर्यंत बसायचा आणि तिच्याच गाडीनं परत जायचा. आठ महिने झाले होते. क्लास सुटू नये आणि एकटीनं जाता-येता यावं, एवढंच तिचं मागणं.

मी अर्ज टाइप करून दिला आणि तिच्यासोबत आत गेलो. जमादार नामांतराच्या बंदोबस्तावरून नुकतेच आलेले, पाय गरम पाण्याच्या बादलीत. हात लावला का, वंगाळ बोलला का, खुणा केल्या का, असं एकेक विचारत गेले. ती सगळ्याला नाही म्हणाली. मग करतो तरी काय? तर म्हणाली, मागं येतो.

जमादार म्हणाले, "मागं चालायला कलम न्हाई, पोरी! असतं तर वरातीतला एकेक माणूस मला आत टाकावा लागला असता."

सगळं ठाणं हसलं. अदखलपात्र म्हणून नोंद झाली आणि चिठ्ठी मिळाली, 'कोर्टात दाद मागावी अशी समज देण्यात आली.' समज मिळाली ती सुमनला. बालाजी समोर हॉटेलात चहा पीत बसला होता.

•

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. म्हटलं, बाई, त्यानं बसस्टँडवर हात धरला असं लिहू. विनयभंगाचं कलम लागतंय, लगेच उचलतील. असे हात मी कागदावर पुष्कळ धरायला लावले होते.

ती म्हणाली, "धरलाच न्हाई तर कसं लिवायचं, भाऊ? आन लिवलं तर गाव म्हणंल, हिनंच धरू दिला."

मी मशीनमधला कागद काढून घेतला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

•

वकीलसाहेबांकडे नेलं. मोठे सज्जन माणूस. सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पोरीला पाणी दिलं. म्हणाले, "केस होण्याइतकं अजून काही झालेलं नाही. देवाची कृपाच म्हणायची. झालं की मात्र लगेच या."

•

मग म्हादू रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायला लागला. कंटाळून जमादारांनी तहसीलदारापुढं चॅप्टर केस केली. आम्हाला वाटलं, चला, बालाजीकडून शांततेचा बाँड तरी लिहून घेतील.

लिहून घेतला, पण दोघांकडूनही. एक बालाजीचा आणि एक म्हादूचा! एक वर्षभर आपण शांतता भंग करणार नाही, म्हणून म्हादूनं अंगठा उठवला. मी काय केलं साहेब, असं तो विचारत होता. कारकून म्हणाला, चॅप्टरला दोन पार्ट्या लागतातच.

त्यानंतर बालाजी म्हादूच्या मेंढरांच्या वाड्याला लागून येऊन उभा राहायला लागला. म्हादूनं काठी उचलली की बायको हात धरायची. काठी उगारली तर बाँड मोडला असता आणि आत म्हादू गेला असता.

•

दिवाळीनंतर सुमननं क्लास सोडला. नोकरी सोडण्याचा अर्जही माझ्याकडूनच टाइप करून घेतला. कारण काय लिहू विचारलं तर म्हणाली, घरगुती. म्हादूनं तिला गुपचूप पाठवून दिलं. कुठं, ते मलाही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आठवड्यानं बालाजी माझ्या टेबलाशी आला. दाढी वाढलेली. अर्ज लिहा म्हणाला. मी मशीनवर झाकण घातलं आणि चालता हो म्हटलं. तिच्यासाठी एवढंच एक धड काम माझ्या हातून झालं, असं तेव्हा वाटलं.

तो शेखचाचांकडे गेला. चाचांनी त्याला कधी नीट पाहिलेलं नव्हतं. त्यांनी लिहून दिलं: गावातली एक मुलगी आठ दिवसांपासून दिसत नाही, बाप उडवाउडवी करतो, त्यानंच पोरीचं काही बरंवाईट केल्याचा दाट संशय आहे. चौकशी व्हावी.

जुने जमादार तोवर बदलून गेले होते. नवे हवालदार आले ते अगदी कामाचे. अर्ज पडून राहू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. त्या ठाण्यात असा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

चार दिवसांनी सकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. चहा मागवला. स्वारी खूश होती. म्हणाले, त्या खुनाच्या संशयाचा निकाल लावला बघा. बाप आधी तोंडच उघडीना. दोन दिवस बसवून ठेवला तेव्हा बोलला. मग स्वतः मानवतला गेलो. पोरगी मावशीच्या घरी जिती-जागती! जबाब घेतला, पंचनामा केला, घराच्या खुणांसकट पत्ता लिहून आणला.

तक्रार कुणाची ते तिला सांगितलं का, असं मी विचारलं.

"छे! अर्जदाराचं नाव आपण फोडत नसतो."

मी विचारलं, आणि अर्जदाराला?

"त्याला आत्ताच लेखी देऊन आलो. लय रडला हो बिचारा. कागद डोळ्याला लावला अन् म्हणला, साहेब, याच गाडीनं जातो."