महाराजांची आवडती कुस्ती

आरती संपली की महाराज गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उजव्या हाताचा तळवा तीनदा आपटायचे. मग दोन्ही हात वर करून एकदा घंटा वाजवायचे आणि तीर्थाचं भांडं उचलायचे.

आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी हा प्रकार उचलला. नवी सून दर्शनाला आली की सासू तिला शिकवायची, उंबरा तीनदा वाजवायचा, पाठीमागची पीडा जाते. प्रत्यक्षात ते टीव्हीवरच्या परदेशी कुस्तीतल्या पंचाचं मोजणं होतं. पडलेल्या पैलवानाचे खांदे टेकले की पंच शेजारी आडवा होऊन तीनदा फळीवर हात मारतो ना, ते. ही गोष्ट गल्लीत तिघांनाच ठाऊक होती. एक महाराज, दुसरे देवळाच्या पायरीशी माळा विकणारे चाचा आणि तिसरी मी, कारण माझी आणि महाराजांची भिंत एक. मारुतीलाही ठाऊक असणार, पण त्यानं कधी तक्रार केली नाही.

वसमतच्या आमच्या मारुतीची पूजा महाराजांच्या घराण्याकडे होती. देव बलभीम आणि पुजारी असे किडकिडीत, की शेंदूर लावायला चढले तर मूर्तीच्या दंडामागे दिसायचे नाहीत. त्यातून दमा. हळदीचा हंगाम आला आणि मोंढ्याच्या बाजाराकडून हळदीची धूळ घेऊन वारं सुटलं की खोकून खोकून बेजार व्हायचे. आयुष्यात त्यांनी कोणाला साधा धक्का दिला नव्हता. मातीच्या कुस्तीतही त्यांचा जीव रमला नाही. "दोघं मुंड्या धरून उभे. काहून उभे, ते त्यांनाच ठाऊक," असं म्हणायचे.

टीव्हीवरच्या कुस्तीत मात्र त्यांचा जीव अडकला तो केबल आली तेव्हापासून. मोठी कुस्ती थेट दाखवायची ती आपल्याकडच्या शनिवारी सकाळी, आणि शनिवार म्हणजे मारुतीचा वार. दुसरा कोणी असता तर देव आणि कुस्ती यातलं एक सोडलं असतं. महाराजांनी आरतीच अलीकडे घेतली. भाविकांनी विचारलं तर सांगितलं, "शनवारी देव लवकर उठतेत." लोकांना ते पटलं. पलीकडच्या आळीतल्या एका सद्गृहस्थांनी तर त्याला शास्त्राधारही शोधून आणला, आणि महाराजांनी तो हात जोडून ऐकून घेतला.

आरती आणि गर्दी यांच्या मधल्या वेळात चाचा आणि महाराज देवळाशेजारच्या महाराजांच्या घरी, पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर बसायचे. चाचांच्या वडिलांपासून त्या पायरीशी रुईच्या माळांचं दुकान होतं. माळरानावरून रुईची पानं आणायची, ओली करून पोत्याखाली ठेवायची आणि बसल्या बसल्या ओवायची. हातात माळ आणि डोळे टीव्हीवर. कुस्ती रंगात आली की पानं उलटसुलट ओवली जायची, ती माळ महाराज न बोलता मारुतीच्या पाठीमागच्या बाजूला घालायचे.

एकदा मी चिडून म्हटलं, "महाराज, सगळं ठरवून करतात हो ते!" नोकरी सुटली तरी माझ्या अंगात कोर्टातली टायपिस्ट आहे, खोटी साक्ष मला लगेच ओळखू येते.

महाराज दचकले. "मंग काय न ठरवता करावं व्हय, वहिनी? हाडं मोडतील की लेकरांची!"

त्यांच्या आवडत्या कुस्त्या मला प्रसादाबरोबर ऐकाव्या लागत. पैलवानांची इंग्रजी नावं त्यांना जमायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. हत्तीला उचलून आपटल्यावर आखाड्याचीच फळी खचली, ती एक कुस्ती. पंच बेशुद्ध पडला आणि जटावाला जिंकूनही जिंकला नाही, ती दुसरी. ती सांगताना ते अजून चिडायचे. पण सगळ्यात लाडकी लांब्या आणि बुटक्याची. दोघे वर्षानुवर्षं जोडीनं लढले. लोकांचा लाडका लांब्या, बुटक्याकडे कोणी बघायचं नाही. एक दिवस लांब्यानं भर आखाड्यात घडीची खुर्ची बुटक्याच्या पाठीत घातली. लोकांनी लांब्यावर पेले फेकले, शिव्या घातल्या, शिट्ट्या वाजवून हुर्यो केली, आणि पुढच्या खेपेला बुटक्या आला तर सगळे उठून उभे.

"लांब्यानं सोताचं नाव मातीत घातलं, तवा लोकांनी बुटक्याला पाह्यलं," महाराज म्हणायचे. "त्यात जास्त लांब्यालाच लागलं."

"खुर्ची बसली बुटक्याच्या पाठीत, आन लागलं लांब्याला?" चाचा विचारायचे. "ये कोनसा हिसाब है, महाराज?"

हा वाद मी माझ्या स्वयंपाकघरात भिंतीतून इतक्यांदा ऐकला की दोन्ही बाजू मला पाठ झाल्या. निकाल मात्र कधी लागला नाही.

मग देवळाची समिती बदलली. नवे अध्यक्ष हळदीचे आडते, गोड बोलणारे. देवळापुढे फरशा बसवायच्या, सुशोभीकरण करायचं ठरलं, आणि सुशोभीकरणात चाचांचं पत्र्याचं दुकान बसेना. अध्यक्षांच्या भाच्याला तिथे नारळाचं दुकान टाकायचं होतं, ते मात्र सुशोभीकरणात बसत होतं. हे काही उघड बोलायचं कारण नव्हतं. उघड काहीच बोललं जात नव्हतं. चारचौघांत कुजबुज सुरू झाली, की देवाच्या दारात देवाधर्माचाच माणूस असावा, नाही का? पुढे काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. तुम्हीही अशी कुजबुज ऐकली असेल. तिला तोंड नसतं, म्हणून तिच्याशी भांडता येत नाही.

चाचांनी कोणाकडे काही मागितलं नाही. पानं मात्र कमी आणायला लागले, आणि मला त्या माणसाकडे बघून फार वाईट वाटायचं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी पोळ्या लाटत होते. भिंतीपलीकडून धप्पकन आवाज आला. मग महाराजांचा आवाज, "ढकला म्हणतो ना! जीव न्हाई का हातात?" मी लाटण्यासकट धावले. बघते तर महाराज गादीवर उताणे आणि चाचा हात जोडून उभे.

"मेरे से नहीं होता," चाचा म्हणत होते. "तुमची कंबर मोडल, महाराज."

मला बघून दोघं ओशाळले. महाराज धापा टाकत उठून बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"मी अध्यक्षासंगट भांडलो तर लोक म्हणतील, दोस्ताची बाजू घेऊन राहिला. आन त्यो तर मागं बसून करून राहिला सगळं. समोर कोणी दिसलंच न्हाई, तर लोकांनी चिडावं कोणावर? म्हणून मी समोर येतो. शनवारी भर गर्दीत मीच चाचाला हाकलतो. माळा सुकल्या म्हणतो, फेकतो. हे मला ढकलतील, मी पडतो. बाकीचं लोक करतील."

"लोकांनी तुमचंच ऐकलं तर?" मी विचारलं.

"न्हाई ऐकत. मी इतकं वंगाळ बोलीन की कोणाला माझ्या बाजूनं उभं राहू वाटणार न्हाई."

सगळं ठरलं. शनिवारनंतर दोघांनी एकमेकांकडे बघून हसायचं नाही, बोलायचं नाही, एकमेकांकडे जायचं नाही. दोघांत मेळ आहे हे अध्यक्षांना कळलं तर दुकान गेलंच. चाचांनी बंद टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग शनवारची कुस्ती?"

"तुमच्या मोबाईलवर बी दिसते की," महाराज म्हणाले आणि गादीची घडी घालायला लागले. ती घडी त्यांना नीट घालता येईना.

शनिवारी पायरीपासून रस्त्यापर्यंत रांग होती. महाराज बाहेर आले. टोपलीतली एक माळ उचलून नाकाशी नेली आणि तोंड वाकडं करून खाली फेकली. "वाळली पानं देवाच्या गळ्यात घालतो काय रे?" इथवर ठरल्याप्रमाणे झालं. त्यांनी टोपली लाथाडली, तेही ठरलेलं होतं. लोक नुसते बघत राहिले. कोणी पुढे येईना. महाराजांनी एकदा रांगेकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज चिरकला.

"तुझ्या हातची माळ माझ्या देवाला चालत न्हाई!"

हे ठरलेलं नव्हतं. जे महिनाभर कुजबुजत फिरत होतं, ते पहिल्यांदा मोठ्यानं ऐकू आलं. चाचांनी ढकलायचं होतं, पण त्यांचा हात वर गेलाच नाही. ते खाली बघत राहिले, आणि ते काही नाटक नव्हतं.

रांगेतून गयाबाई पुढे आल्या. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई, शनिवार न चुकवणाऱ्या.

"काहून चालत न्हाई?" त्या ओरडल्या. "माझ्या लग्नात मारुतीला माळ याच्या बापानं देल्ती. तवा देव बाटला न्हाई, आन आज बाटला व्हय? तू कोण रे सांगणारा? देवाचा मालक हायस का?"

मग काय विचारता. बायका खाली बसून माळा वेचायला लागल्या. कोणी महाराजांना शिव्या दिल्या, कोणी शिट्टी वाजवली. तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांनी वारं कुठून आहे ते पाहिलं, स्वतः एक माळ विकत घेतली आणि समिती पहिल्यापासून चाचांच्याच पाठीशी आहे असं जाहीर केलं. महाराजांना त्यांनी सगळ्यांसमोर चांगलं झापलं. दुकान पायरीशीच राहिलं, भाच्याचं नारळाचं दुकान बारगळलं.

संध्याकाळी महाराजांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. "वहिनी, ते शेवटचं तोंडातून निघून गेलं. चाचाला इचारा, लागलं का."

मी गेले. चाचा सुई-दोरा घेऊन नुसते बसले होते. म्हणाले, "सांगा त्यांना, वार बराबर बसला." मग सुई खाली ठेवून म्हणाले, "लागलं. पण हे सांगू नका."

मी तेवढं सांगितलं नाही. महाराजांनी मान हलवली, पण त्यांना ते कळलं असावं.

पहिले काही दिवस महाराज खुशीत होते. "माझ्यावर शिट्टी वाजवली, वहिनी! लांब्यावर वाजवली तशी!" हळूहळू ती खुशी ओसरली. लोक नारळ द्यायचे, पण देवाकडे बघून. गयाबाईंनी त्यांच्या हातचं तीर्थ घेणं सोडलं. रोज यायच्या, हात जोडायच्या आणि तीर्थाचं भांडं समोर आलं की पदर सावरून निघून जायच्या. ते मात्र महाराजांच्या जिव्हारी लागायचं. मी एकदा म्हटलं, आता सांगून टाका. तर म्हणाले, "आन अध्यक्ष काय मेलेत व्हय?"

शनिवारी भिंतीपलीकडे ते एकटे आणि पायरीशी चाचा मोबाईलवर. मोबाईलवरची कुस्ती टीव्हीच्या थोडी मागे चालते. महाराज आधी ओरडायचे आणि चाचांची मजा जायची. "वहिनी, त्यांना हळू वरडायला सांगा," चाचा कुजबुजायचे, "कोण पडला ते मला आधीच कळून राहिलं." मी निरोप सांगितला. त्यानंतर महाराज जास्तच मोठ्यानं ओरडायला लागले. दोघांमध्ये बोलणं म्हणाल तर तेवढंच उरलं होतं, आणि असं वर्षानुवर्षं चाललं.

यंदाच्या हंगामात दम्यानं महाराजांना उठू दिलं नाही. तीन दिवस दवाखाना झाला आणि ते गेले.

नांदेडहून मुलगा आला. अंगणात महाराजांना ठेवलेलं आणि माणसं मोजकीच. जी आली तीही लांब, कोपऱ्यावर, घड्याळाकडे बघत उभी. मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, खांदा द्यायला तरी चौघं थांबतील का?" मी कोपऱ्यावरची माणसं मोजायला लागले.

तेवढ्यात चाचा आले. गल्ली बाजूला सरली. "बघा, केवढं मन," कोणीतरी म्हणालं. अध्यक्षांनी संधी साधली. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "चाचा, झालं गेलं गंगेला मिळालं. माफ केलं म्हणा, म्हणजे त्यांचा आत्मा सुटेल."

चाचांनी महाराजांच्या तोंडाकडे पाहिलं. किती तरी वर्षांनी इतक्या जवळून पाहत होते. मग कोपऱ्यावरच्या माणसांकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले.

"अहो, मेल्या माणसावर..."

"मेला म्हणून काय झालं? माझ्या बापाची रोटी याच पायरीवर होती. ती यानं लाथाडली. माफ न्हाई करणार!" आणि ते पाठ फिरवून चालते झाले.

क्षणभर मलाही वाटलं, की त्या दिवसाचं अजून सलतंय. गल्ली तर सर्द झाली. मग एकेक जण बोलायला लागला. एवढा राग बरा नव्हे. म्हाताऱ्याचं वय झालं होतं, एखादा शब्द जातो. बोलला असेल, पण देवाची पूजा कधी चुकवली नाही. कोपऱ्यावरची माणसं चिडून अंगणात आली. तिरडी उचलली तेव्हा खांदा द्यायला एवढी रेटारेटी झाली की मुलालाच जागा मिळेना.

मी पायरीशी गेले. चाचा देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"किती माणसं हायत, वहिनी?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"गल्ली भरलीय."

"गयाबाई?"

"त्या रस्त्यापर्यंत आल्यात. म्हणत होत्या, माणूस तसा वाईट नव्हता."

"मंग जावा तुमी," चाचा म्हणाले. "माझ्यासंगट बोलताना कोणाला दिसू नका." आणि त्यांनी गमछ्याचा बोळा तोंडात कोंबला, कारण अंत्ययात्रा आता पायरीसमोरूनच चालली होती. लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि माना फिरवल्या. त्यांना वाटलं, म्हातारा अजून रागातच पाठ फिरवून बसलाय.