झाडांचं दार

“कुणाच्याही दारातून विचारल्याशिवाय जाऊ नये, मग ते दार झाडांचं का असेना,” असं एनिड ट्रँटर एकदा म्हणाली होती.

म्हणाली तेव्हा ती कुंपणाच्या पायरीवर बसून बुटातला खडा काढत होती आणि क्लाइव्ह हॅडलो तिची काठी धरून उभा होता. क्लाइव्ह गावचा निवृत्त पोस्टमन. लोकांच्या दारापर्यंत जाऊन तिथूनच परतण्यात त्याचा जन्म गेला. वाक्य त्याला पटलं, आणि पटलं म्हणूनच तो ते विसरून गेला.

ॲम्बलकट गावाजवळ एक कालवा आहे आणि एक नदी. कालवा निजलेला असतो. माणसांनी खणला, पाणी भरलं आणि घोडे काठाकाठानं नावा ओढायचे तेही थांबले, तेव्हापासून तो तसाच पडून आहे. वर वाळुंजाची पानं, खाली आभाळ. नदी मात्र जागी असते, बडबडते. दोघांच्या मधे रान, आणि रानातून एक पायवाट. त्या वाटेवर कालव्याची झोप अजून पुरती उतरलेली नसते आणि नदीचा आवाज नुकता कानावर येऊ लागलेला असतो. वसंतात तिथं निळी घंटाफुलं इतकी दाटतात की जमीन कुठं संपली ते कळत नाही. रानलसणीचा वास कपड्यांना धरून घरी येतो.

एनिड लग्न होऊन या गावात आली. नवरा कालव्याचे पाणदरवाजे उघडण्याच्या कामावर होता. तो गेला, कामही गेलं, ती दरवाजांशेजारच्या घरात राहिली आणि चालत राहिली. आधी एकटी. मग गुरुवारी कुणी कुणी तिच्यामागून येऊ लागलं, आणि त्यातून गुरुवारची मंडळी झाली. कालव्याकाठानं पुलाखालून, मग रानातून नदीवर, आणि चर्चच्या मागून पबमध्ये. पुढं एनिड, तिचा विटलेला हिरवा कोट, आणि सगळ्यांच्या शेवटी क्लाइव्ह. शेवटी राहिलं की फाटकं लावून घेण्याचं काम मिळतं आणि कुणाशी बोलावं लागत नाही. धुक्याच्या दिवशी तो हिरवा कोट मधेच झाड व्हायचा, मधेच पुन्हा एनिड. क्लाइव्हच्या आठवड्यात तेवढी एक गोष्ट होती.

रान लव्हिबाँडबाईंचं होतं. त्या वारल्या, आणि रान सँडिफर्ड नावाच्या एका सभ्य माणसानं विकत घेतलं. त्यानं वाटेच्या तोंडाशी साखळी लावली आणि ‘खाजगी’ अशी पाटी. साखळी गुडघ्याइतकीच उंच होती, पण गुरुवारची मंडळी तिच्यापुढं गाईगुरांसारखी थबकली. आता नदीवर जायचं तर हमरस्त्यानं, लॉऱ्यांच्या कडेनं. एनिड दोनदा तसं गेली. तिसऱ्यांदा अर्ध्यातून परतली आणि दोन गुरुवार घरातून बाहेरच पडली नाही. काठी दाराशी उभी, कोट खुंटीवर. क्लाइव्हला वाटलं, ही आता अशीच कालव्यासारखी निजून जाणार.

मग गावानं अर्ज केला. तिथला कायदा असा, की ज्या वाटेनं लोक वीस वर्षं न विचारता, न लपता, न भांडता चालले, ती वाट लोकांची. परवानगीनं चाललेली वर्षं मोजायची नाहीत. सुनावणी गावाच्या सभागृहात ठरली. सगळ्यात जुनी साक्षीदार एनिड.

आदल्या दिवशी दुपारी दोघं पाणदरवाजाच्या दांड्यावर टेकून चहा पीत होते.

“क्लाइव्ह, मी विचारलं होतं,” एनिड म्हणाली.

“कुणाला? काय?”

“लव्हिबाँडबाईंना. लग्न होऊन आले त्या वर्षी. मोठ्या घराचं दार वाजवलं आणि विचारलं, तुमच्या रानातून चालले तर चालेल का?”

क्लाइव्हचा कप हातातच राहिला. “अगं, पण विचारलंस कशाला? असं कुणी विचारतं का?”

“माझ्या आईनं मला तसंच वाढवलं.”

“बरं. तुला एकटीला दिली असेल परवानगी. बाकीचे आम्ही तर नुसते घुसत होतो.”

“बाकीचे माझ्यामागून येत होते. बाई म्हणाल्या, ये हो, आणि तुझ्याबरोबर कुणी येणार असेल त्यांनाही आण.” तिनं कपातला गाळ पाण्यात ओतला. “दर शरदात मी त्यांना आलुबुखाराच्या जॅमची बरणी देत होते, ती कशाची वाटली तुला?”

“शेजारधर्माची. मीच नाही का नेऊन द्यायचो!”

“नेताना झाकण उघडून बोट घालायचास, ते बाईंना कळायचं बरं का.”

एक लांबुडकी नाव आली, तिचा धूर दोघांवरून गेला. नावेतल्या माणसानं हात केला, यांनीही केला. नाव गेल्यावर पाणी कितीतरी वेळ काठाला हळूच थोपटत राहिलं.

“मग उद्या विसर,” क्लाइव्ह म्हणाला. “आपल्या वयात विसरलं तर कुणी नावं ठेवत नाही.”

“तू ठेवशील.”

“मी? तुझ्यामागं इतकी वर्षं मुकाट्यानं चिखल तुडवलाय मी.”

“तेच म्हणतेय. मुकाट्यानं ठेवशील.”

क्लाइव्हनं हातातल्या थंड चहाकडं पाहिलं. लपवलं तर वाट राहील. सांगितलं तर जाईल, सगळ्यांची जाईल, आणि त्याचा तो हिरवा कोटही. त्याला ओरडावंसं वाटलं. पण तो पोस्टमन होता; दुसऱ्याचं पाकीट त्यानं कधी उघडलं नव्हतं.

सभागृहाची फरशी बॅडमिंटनसाठी नुकती घासली होती, म्हणून सगळ्यांनी बूट दाराशी काढले होते. वाटेचा निवाडा मोज्यांत बसून होत होता. निवाडा करायला आलेल्या बाईंच्याही मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.

डोरीन पग, मंडळींची सँडविचवाली, साक्षीला उभी राहिली. सँडिफर्डच्या वकिलानं विचारलं, “कधी परवानगी मागितलीत?”

“परवानगी? मी माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी विचारलं नाही, झाडांना कशाला विचारू?”

सगळे हसले. सँडिफर्डही हसला. वाट जिंकल्यातच जमा होती.

मग एनिड. वकिलानं तोच प्रश्न तिला, जवळजवळ कंटाळून, विचारला. खिडकीबाहेर पॉपलरची झाडं हलत होती आणि त्यांच्या सावल्या फरशीवरून पाण्यासारख्या सरकत होत्या. एनिड त्या सावल्यांकडं पाहत होती. क्लाइव्हला क्षणभर वाटलं, ती इथं नाहीच. रानात आहे, वळणावरच्या पडलेल्या ओकपाशी, आणि आता नदी ऐकू येईल.

“मागितली होती,” ती म्हणाली. “आणि मिळाली होती. मला आणि माझ्याबरोबर येणाऱ्या सगळ्यांना.”

“एनिड!” डोरीन कुजबुजली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. वकील सावरून बसला. निवाडा करणाऱ्या बाईंनी लिहिणं थांबवलं. मागं कुणीतरी म्हणालं, “घ्या! आता चाला लॉऱ्यांबरोबर.” कुणाला आणखी बोलायची गरज उरली नव्हती.

तेव्हा सँडिफर्ड उठला. माणूस वाईट नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. “मिसेस ट्रँटर,” तो म्हणाला, “तुम्ही खुशाल येत जा. तुम्हाला माझी परवानगी आहे. कायमची.”

सभागृहानं श्वास सोडला. आता ती ‘आभारी आहे’ म्हणेल. त्या देशात पायावर पाय पडला तरी माणूस आधी आभार मानतो आणि मग कळवळतो. एनिडचं तोंड सवयीनं उघडलंही. शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेला क्लाइव्हनं पाहिला.

ती बोलली नाही.

शब्द आत परत गेला, आणि क्लाइव्हला उमगलं. आभार म्हणजे पुन्हा दार वाजवणं. पुन्हा जॅमची बरणी. न मानले, तर आजपासून ती न विचारता चालणारी बाई. आजपासून वीस वर्षं मोजायची. कायद्यात हे बसतं की नाही ते त्याला ठाऊक नव्हतं. वीस वर्षांनी एनिड नसेल, तोही नसेल, हे मात्र ठाऊक होतं. पण कुणाच्या तरी पायांनी ती मोजणी सुरू तर व्हायला हवी.

सँडिफर्ड अजून उभाच होता, चेहऱ्यावर अर्धवट हसू धरून. एनिड त्याच्या आणि वकिलाच्या मधून वाट काढत दाराशी गेली. बाकावर बसून तिनं बूट चढवले, नाड्या सावकाश, दुहेरी गाठींनी बांधल्या. क्लाइव्ह मोज्यांतच उठला आणि आपले बूट शोधू लागला.

तिनं काठी घेतली, हिरवा कोट घातला, आणि घराच्या दिशेला न वळता रानाकडं, साखळीच्या दिशेनं, बाहेर पडली.