टोक आधी मोडायचं

ज्याला मोदक खाता आला त्याला जग समजलं, असं आमचे हेडमास्तर म्हणत. जगाशी त्यांचं विशेष पटत नसे. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांशी तर कधीच पटलं नाही. पण पानावर बसलेले हेडमास्तर ज्यांनी पाहिले, त्यांना हे वाक्य खोडायचा धीर होत नसे.

त्या काळी पनवेलला गणपतीचं जेवण तुम्ही कुणाकडे जेवला असाल, तर हा सोहळा पाहिला असेलच. हेडमास्तर मोदक उचलत, उजेडाकडे धरत, कळ्या न्याहाळत. सगळी पंगत थांबलेली. स्वयंपाकघराच्या दाराआड घरातल्या बायका श्वास रोखून उभ्या. मग ते म्हणत, “टोक आधी मोडायचं.” टोक मोडत, आत तुपाची धार सोडत, घास घेत आणि निकाल देत, “ठीक आहे.”

याच्या वरचा शेरा आमच्या गावात कुणाला मिळाला नव्हता. खुद्द काकूंनाही नाही. काकू म्हणजे त्यांची पत्नी. लग्न झाल्यापासून दर चतुर्थीला काकू मोदक करत होत्या आणि दर चतुर्थीला पास होत होत्या. एकदा आमच्या घरात त्या म्हणाल्या, “एकदा नुसतं ‘वा’ म्हणू देत हो. मग पुढच्या वर्षी दगड उकडून वाढीन.” आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत.

मग कलकत्त्याला शिक्षकांची परिषद भरली. शाळेतर्फे हेडमास्तर गेले आणि सामान उचलायला कुणीतरी हवं म्हणून शाळेतला धाकटा मास्तर मी गेलो. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचं भाषण जेवणाच्या आधी ठेवलं होतं आणि अध्यक्षांना भूक नसावी. शेवटी हेडमास्तर माझ्या कानात म्हणाले, “मास्तर, राष्ट्र घडतंय तोवर आपण काहीतरी खाऊन येऊ.”

चालत चालत आम्ही चिनी वस्तीत शिरलो. तेव्हा चीनशी आपलं बरं चाललं होतं. एका खाणावळीत चार बाकं होती आणि वाफ होती. म्हातारा मालक आला. काय आहे विचारलं, तर त्याने बोट वाकवून कोलंबी करून दाखवली. कोलंबीला हेडमास्तरांची कधीच हरकत नसे.

म्हाताऱ्याने वेताची टोपली आणून ठेवली, झाकण काढलं आणि हेडमास्तर अर्धवट उठून उभेच राहिले.

“अहो मास्तर, हा तर आपला!”

टोपलीत मोदक होते. अगदी तसेच, फक्त बुटके. पारी इतकी पातळ की आत काहीतरी हलताना दिसत होतं. हेडमास्तरांनी एक उचलला, उजेडाकडे धरला, कळ्या पाहिल्या. “घी लाव,” त्यांनी म्हाताऱ्याला फर्मावलं आणि सवयीने टोक मोडलं.

आतून गरम रस्सा उसळला. थोडा बाकावर गेला, बाकी सगळा धोतरावर.

ते ओरडले नाहीत. हातात राहिलेल्या रिकाम्या पारीकडे पाहत म्हणाले, “आत कसा घातला?”

म्हातारा हसला नाही. त्याने दुसरा उचलून हेडमास्तरांच्या चमच्यात ठेवला आणि खुणेने शिकवलं. टोकाला हात लावायचा नाही. बाजूला दातांनी बारीक भोक पाडायचं, आधी रस्सा प्यायचा, मग उरलेला खायचा. साऱ्या पनवेलला खायला शिकवणारा माणूस पहिलीतल्या मुलासारखं ऐकत होता. त्यांनी भोक पाडलं, ओठ लावले, डोळे मिटले.

“वा!”

मी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं. तो पुढच्या बाकाकडे निघूनही गेला होता.

दाराशी एक बाई बसून तेच मोदक वळत होती. हेडमास्तर धोतर झटकत तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. ती रस्त्यावरची गंमत पाहत होती आणि खाली तिची बोटं आपलं काम करत होती. चिमूट, वळण, चिमूट, वळण, आणि मोदकाचं तोंड मिटलेलं. तिच्यापुढे पातळ असं काहीच दिसेना. रस्सा आत जातो कसा, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. देवळात उभा राहावा तसा तो माणूस तिथे उभा होता. परिषदेचे ठराव आमच्याविना मंजूर झाले.

परतीच्या गाडीत ते धोतरावरचा डाग चोळत बसले होते. मग म्हणाले, “मास्तर, आमची ही मोदक वळताना कुठे बघते हो?”



त्या चतुर्थीला ते सकाळीच स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. केळीची पानं घेऊन आलेली बाई दारातच थबकली. “हेडमास्तर चुलीपाशी? आता बगायचं काय रायलं नाय!”

त्यांनी स्वतः एक वळला. तो उकडताना फुटला. मग दुपारपर्यंत ते काकूंच्या बोटांकडे पाहत राहिले. “मेलं काही सुचू देत नव्हते,” असं काकू नंतर म्हणाल्या.

जेवायला मी होतोच. त्यांनी काकूंचा मोदक उचलला, उजेडाकडे धरला नाही, टोकही मोडलं नाही. बाजूने चावला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून स्वच्छ म्हणाले, “वा!”

आत भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने काकू तुपाची वाटी घेऊन आल्या. “तूप राहिलंय,” म्हणाल्या.

हेडमास्तर गेले तेव्हा शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणाले की त्यांची जीभ म्हणजे सोनाराचा काटा होता, तिची कधी चूक म्हणून झाली नाही. काकू पुढच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. घरी परतताना त्या माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या,

“ते ‘वा’ म्हणाले ना, त्या वर्षी माझी वेलची घालायची राहिली होती.”