पहिला नंबर कोणाचा

कबूल करून बसायची मला भारी खोड आहे. कोणी काही मागितलं की तोंड आधी हो म्हणतं आणि डोकं मागून येतं. त्या हिवाळ्यात मी माझ्या सहा वर्षांच्या पोरीला, आमच्या मोठीला, कबूल करून बसलो होतो की घरात येणारं बाळ सगळ्यांत आधी तीच पाहील.

तिचंही काही चुकत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी बारक्या झाला, तेव्हा तिला शेजारच्या क्वार्टरमध्ये ठेवलं होतं. ती दवाखान्यात पोहोचेपर्यंत मामा, मावश्या, आमच्या लाइनीतल्या बाया, सगळ्यांचं पाहून झालेलं. कोणीतरी म्हणालं, "ये, आता तू पण पाहून घे." पोरगी एवढीशी, पण शेवटचा नंबर लागल्याचं तिच्या मनातून काही गेलं नाही. या वेळी तिनं नियमच ठरवून टाकले. मम्मी चालेल, कारण बाळ तिचंच आहे. डॉक्टर आणि नर्स चालतील, कारण त्यांची ड्युटी आहे. बाकी आमच्या अख्ख्या जवाहरनगर कॉलनीतलं एकही माणूस तिच्या आधी पाहणार नाही.

अडचण होती माझ्या आईची. ती बाळंतपणासाठी गावाहून, कोंढ्याहून, पंधरा दिवस आधीच येऊन बसली होती. आमच्या घरची रीत अशी की बाळाचं तोंड पहिल्यांदा घरची म्हातारी पाहते. ती "बेस आहे", म्हणजे छान आहे, असं म्हणाली की मग बाकीच्यांनी पाहायचं.

"माह्या सातही नातवंडायचे तोंडं म्याच पयले पाह्यले," आई ठणकावून म्हणाली, "आठव्याले काहून मांगं राहू? लेकराच्या नादी नोको लागू बाबू."

मोठी कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी राहिली. "आजी, तुझे सात झाले ना! माझा एक पण नाही झाला."

यावर आईनं तोंड फिरवलं आणि तांदूळ निवडायला घेतले. दोन दिवस दोघी एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. बायको पोट धरून हसायची आणि मी दोघींच्या मधून चोरासारखा जायचो-यायचो.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून दहा दिवस होते. म्हणून रविवारी रावणवाडीच्या धरणावर जायचं ठरलं. बाळ यायच्या आधीची शेवटची पिकनिक! पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, चिवडा, बारक्याचा काळा चष्मा, सगळं गाडीत गेलं. आई मागं बसली, पोरं बसली. बायकोनं दार धरलं आणि तशीच थांबली.

"अवो," ती म्हणाली, "धरण राहू द्या. गाडी दवाखान्यात घ्या."

भंडाऱ्यापर्यंत गाडी कशी चालवली ते मला विचारू नका. तिथं डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, संध्याकाळ तरी होईल. लहान मुलांना आत बंदी होती. पण दारातल्या दारात बारक्यानं दोन वेळा बाकाखाली लोळण घेतली आणि मोठीनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला आपले नियम समजावून सांगितले. शेवटी खुद्द बायकोचाच निरोप आला. मी आत गेलो.

"तुम्ही अठी उभे राहून काय करून राहिले? जा यांना घेऊन धरणावर. डब्बा आहे, गाडी आहे. माझ्या डोक्याले ताप नका देऊ."

"जा बाबू, मी आहो न," आई म्हणाली. किती खुशीत म्हणाली ते मी पाहिलं. दारातून मोठीनंही पाहिलं.

"पप्पा, आपण गेलो तर आजी पाहून घेईन."

"नाही पाहणार. मी सांगतो ना." घ्या! पुन्हा कबूल. आणि या वेळी तर दुसऱ्याच्या डोळ्यांची हमी.

धरणावर पोहोचलो तर काय मजा होती म्हणून सांगू! धान कापून झालं होतं, ऊन कोवळं होतं, पाणी लांबपर्यंत भरलेलं आणि मधोमध बदकांचे थवेच्या थवे. बारक्या काळा चष्मा लावून "बदक! बदक!" ओरडत सुटला आणि त्याच्यामागे मी. मोठी आधी फुगून बसली होती. पण मासे धरणारा एक ढिवर काठाला डोंगा लावून जाळं सोडवत होता, ते दिसलं आणि ती धावलीच. त्यानं बादलीतली जिवंत मासोळी दाखवली. शेपटीनं पाणी उडालं ते सरळ बारक्याच्या चष्म्यावर. पोरं अशी खिदळली की तो माणूसही हसायला लागला. मीही हसत होतो. मला आज तिसरं लेकरू होणार होतं आणि मी इथं मासोळ्या पाहत होतो! बारक्याला खांद्यावर घेऊन मी उगाचच चार उड्या मारल्या.

"यांची माय कुठी आहे?" ढिवरानं विचारलं.

मोठीनं त्याला सगळी हकिकत सांगितली, नियमांसकट. तो माझ्याकडे पाहत म्हणाला, "मंग भाऊ, तुम्ही अठी खाली काहून थांबले? इथी टावर नाही भेटत. पाळीवर जा."

बारक्याला बगलेत मारलं, मोठीचा हात धरला आणि धापा टाकत पाळीवर, धरणाच्या बांधावर, चढलो. फोनवर एकामागून एक मेसेज वाजू लागले. आईच्या बटणाच्या फोनवरून नऊ मिस कॉल. मी परत लावला, तर कोणी उचलेना. दुसऱ्यांदा लावला. तेव्हा माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहवत नाही. तिसऱ्यांदा बायकोचा फोन लावला, तो नर्सनं उचलला.

"अभिनंदन! मुलगी झाली. दोघी एकदम छान आहेत. कधीचे फोन लावून राहिले सगळे. बाळ तुमच्या आईजवळ दिलं आहे."

मी पाळीवर उभा राहून अशी आरोळी ठोकली की खालची बदकं उठली. बारक्याही काही न समजता ओरडला. मग खाली पाहिलं, तर मोठीनं माझा हात सोडून दिला होता. फोनचा आवाज मोठा होता. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

गाडीत ती मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली. मी आइसक्रीम म्हटलं, नको. वाटेत बोरं दिसली, नको. मला आईचाही राग येत होता आणि स्वतःचा तर इतका की काही विचारू नका. अरे, जायचंच कशाला होतं? आणि गेलो तर फोन पाहायला नको?

"आजीनं पाह्यलं असन ना, पप्पा?"

हो म्हणू की नाही? तोंड तयारच होतं, पाहिलं नसेल म्हणायला. एकदाचं आवरलं.

"पाहिलं असेल, बाई. माझी चूक झाली. मी असं कबूल करायला नको होतं."

आरशात दिसलं, डोळे भरून आले होते आणि ती ते फ्रॉकनं पुसत होती. मला लय वाईट वाटलं. घरात लक्ष्मी आली, बायको सुखरूप, आणि मी गाडी चालवत रडकुंडीला आलेलो!

बारक्याला खांद्यावर घेऊन निघालो, तर दवाखान्याच्या दारात आयाबाईनं हात आडवा केला. लेकरं आत चालत नाहीत, मला माहीतच होतं. मी हात जोडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "ते मोठी मोठी म्हणतात ते हेच का? जाऊ द्या बाप्पा तिले आत. तुमच्या म्हातारीनं घंटाभरापासून डोकं खाल्लं."

आत बाकावर आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर बाळ, बाळावर तिचा पदर, आणि डोळे गच्च मिटलेले. लहान मुलं लपाछपीत मिटतात तसे.

"आली का माह्यी बाई?" पावलांचा आवाज ऐकून ती म्हणाली. "ये लवकर. मान आखडली माह्यी. सारे म्हणून राहिले, पाहा न आजी, पाहा न. म्या सांगतलं, माह्या आधी एकीचा नंबर आहे."

जिनं सात नातवंडांच्या वेळी कोणाला पुढं येऊ दिलं नाही, ती बाई तासभर आठवं मांडीवर घेऊन भिंतीकडे डोळे मिटून बसली होती! तिच्याबद्दल गाडीत मी काय काय बोललो होतो मनात, शरम वाटली मला.

मोठी पुढे गेली. चप्पल काढली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. पदर बोटभर उचलला आणि वाकून पाहिलं. किती वेळ पाहत होती! मीही मान पुढे काढली, तशी तिनं झटकन पदर खाली टाकला.

"पप्पा, तुमचा नंबर नाही. तिकडे तोंड करा." मग आजीच्या मिटलेल्या डोळ्यांवर हळूच हात ठेवून म्हणाली, "बेस आहे, आजी. आता तू पाहा."

मी निमूटपणे वळलो. खांद्यावरचा बारक्या मागे वळून "ते लाल आहे, ते लाल आहे" म्हणून नाचत होता, म्हणजे त्याचाही नंबर माझ्या आधी लागला. मी, बाळाचा सख्खा बाप, दाराकडे तोंड करून उभा होतो आणि मागून माझ्या आईच्या रडण्याचा आवाज येत होता.