झेनोव्हिया आणि दोन पंखे

माझी मावसबहीण झेनोव्हिया ही रोमानियातल्या आमच्या बुझाऊ गावची आंतरराष्ट्रीय गायिका. म्हणजे तीन देशांत जाऊन ती तीनदा हरून आली होती. बल्गेरियात तिसरी, माल्टात पाचवी, आणि पोलंडमध्ये तिला 'उत्कृष्ट वेशभूषे'चं बक्षीस दिलं. त्याचा विषय निघाला की ती अजून ताटावरून उठते. ही बक्षिसं म्हणजे काचेची तीन मोठी भांडी. तिची आई, आमची पारास्किवा मावशी, त्यांत काकडीचं लोणचं घालते. झेनोव्हियाच्या मागे कीबोर्ड मी वाजवायचो, तेव्हा हरण्यात माझाही वाटा आहेच.

चाळिशी उलटल्यावर तिनं जाहीर केलं, "ही शेवटची स्पर्धा. पहिला नंबर आला नाही तर गाणं बंद. लोकरीच्या दुकानात बसेन." बोललेलं खरं करून दाखवायची तिला लहानपणापासून खोड आहे, म्हणून मला धडकी भरली.

या वेळी लाटव्हियाला गेलो. गाणं झकास बसलं होतं. पण रंगीत तालमीला पाहतो तर मंचाच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे पंखे. कशाला, तर गायिकेचे केस उडवायला! आता आमच्याकडे माणूस दारूनं मरत नाही, म्हातारपणानंही मरत नाही. दोन बाजूंनी वारा लागून मरतो. भर उन्हाळ्यात आगगाडीत कुणी समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या, तर अख्खा डबा त्याच्या अंगावर धावून जातो. कानात वारा शिरतो, दाढ सुजते, तोंड वाकडं होतं, ते वेगळंच.

झेनोव्हियानं पंखे बंद ठेवायला सांगितलं. दिग्दर्शक बाई हो हो म्हणाल्या. संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"मफलर घाल."

"आई, उघड्या पाठीचा झगा आहे."

"मग पाठीवर घाल."

तिनं नाही घातला. दुसऱ्या कडव्याला दोन्ही पंखे सुरू झाले. झेनोव्हिया सूर न सोडता एक पाऊल सरकली, मग आणखी एक, आणि उरलेलं गाणं तिनं पडद्याआड उभं राहून म्हटलं. काय म्हटलं! जन्मात कधी तशी गायली नव्हती. टीव्हीवर मात्र दिसत होता रिकामा मंच, उडणारा धूर आणि मी, डोक्यावरच्या उरल्यासुरल्या केसांसकट. आम्ही शेवटचे आलो.

बुझाऊच्या स्टेशनवर नंबराचं कुणी विचारलंच नाही. पोस्टातल्या लिव्हियाबाई पुढे झाल्या. "मेल्यांनी दोन्हीकडून वारा सोडला गं! मान वळते ना तुझी?"

मान वळत होती, पण झेनोव्हिया दुकानात जाऊन बसली ती बसलीच. ऑगस्टमध्ये गावच्या सोहळ्यासाठी सभागृहाचे व्यवस्थापक तिच्याकडे तीनदा येऊन गेले. ती म्हणाली, शब्द म्हणजे शब्द. शेवटी ते म्हणाले, गाऊ नकोस, नुसती येऊन बस.

ती दारातच थबकली. बाहेर अडतीस अंश, आत खच्चून माणसं, आणि सगळ्या खिडक्या घट्ट बंद. फटींत वर्तमानपत्रं कोंबलेली. ती आत आल्यावर मागच्या रांगेतला एक जाडा माणूस घामाघूम होऊन उठला. मला वाटलं, पळतोय. त्यानं किलकिलं राहिलेलं दार ओढून घेतलं आणि पुन्हा जाऊन बसला.

झेनोव्हियाचे डोळे भरून आले. ती मंचावर चढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"सोरिन, मी स्पर्धेतल्या गाण्याबद्दल बोलले होते. वाजव."